जो आला नाही, त्यानं नाही म्हटलं

कापूस फुटला की कोणता रस्ता चालता आहे आणि कोणता मेला आहे, ते कोणाला विचारायचं काम पडत नाही. बाभळीकडं बघावं. गाडीत कापूस कितीही तुडवून भरा, तो चारी बाजूंनी फुगून बाहेर येतोच, आणि वाटेवरची बाभळ काट्यानं आपला पुंजका काढून घेते. ज्या बाभळीला पांढरे पुंजके, तिच्याखालून गाड्या जातात. जी नुसती हिरवी, तिच्याखालून कोणी जात नाही. माझा बाप म्हणायचा, बाभळ म्हंजी रस्त्यावरचा जकातनाका. देणाऱ्याला कळत न्हाई आन् घेणारी बोलत न्हाई.

आमच्या देवखेडीच्या जुन्या वाटेवर लिंबापासून पार शिवेपर्यंत बाभळीच बाभळी आहेत. यंदा कापूस बरा आला. मी रोज सकाळी ऊन अंगावर आलं की हात मागं बांधून शिवेपर्यंत जातो. एका काट्याला पुंजका नाही. वीस वर्षं होऊन गेली, नाही. लोक म्हणतात, म्हातारा फिरायला जातो. मी फिरायला जात नाही, बघायला जातो. आणि जे दिसायचं तेच दिसतं.

मी तिसरीपर्यंत शिकलो. जोडाक्षर आलं की माझा हात अजून थांबतो, बैल चढाला थांबतो तसा. तरी हे मीच लिहून राह्यलो. दुसऱ्याकडून लिहून घेता आलं नाही म्हणून. ते पुढं येईल.

वेचणीचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो सांगता येत नाही. सकाळी दंव पडलेलं असतं, बोंडं ओली असतात, पाल्याला कडू वास सुटतो. बायका ओटी बांधून पातीला, आपापल्या ओळीला लागतात. बोंडाची वाळलेली टोकं नखांत घुसतात, आठ दिवसांत बोटं खरवडलेल्या गाजरासारखी होतात. माझी मुक्ता सकाळी एक पात वेचून मगच शाळेला जायची. तेव्हा ती आठवीला होती. शाळा वाटूरला. ओटीतला कापूस मायच्या गाठोड्यात ओतायची, पाटाच्या पाण्यानं हातपाय धुवायची आणि दप्तर उचलून लिंबाकडं पळायची. लिंबाखाली एसटीची गाडी थांबायची, घनसावंगीहून वाटूरला जाणारी. रस्ता कच्चा होता, पण तो आमच्या गावाच्या दारावरून जायचा. गाडीचा ड्रायव्हर लांबूनच हॉर्न मारायचा, आणि मुक्ता वेणीत कापूस अडकलेला तशीच चढायची. वाटूरच्या शाळेत मास्तर म्हणायचे म्हणे, "देवखेडीच्या पोरी आल्या, बघा, डोक्यावर कापूस उगवलाय."

चार पोरी जायच्या गावातून. चौघींत माझी मोठी.

त्या सालातली वेचणी मला दरवर्षी परत येते. दुसऱ्या कोणत्याच सालातली येत नाही.

जालना जिल्हा नवाच झालेला होता तेव्हा. नव्या सुनेचं जसं घरात सगळं नव्यानं लावणं चालतं तसं चाललेलं. नवे साहेब, नव्या जीपगाड्या, नवे नकाशे. जिल्ह्याचे रस्ते आखायचे होते. पहिल्या वेचणीलाच माझ्या रानात चार माणसं आली. तीन पायांवर दुर्बीण उभी केली, पातीत लाल झेंड्या रोवल्या. माझ्या बायकोनं त्यांना माठातलं पाणी दिलं. त्यांचा वरचा साहेब जीपमधून उतरला नाही. तिथूनच मला हात केला.

"ए बाबा, हा ओढा पावसाळ्यात भरतो का रे?"

मी तेव्हा पंचेचाळिशीचा होतो. गावात मला आबा म्हणायचे. पारावर मी बसल्याशिवाय कोणाच्या बांधाचा निवाडा होत नव्हता. माझ्या रानात उभा राहून मला कोणी अरे केलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तुमची एवढी मोठी दुर्बीण हाय, तिच्यात बघा की."

तो हसला. वहीत काहीतरी खरडलं आणि जीप गेली. बायको म्हणाली, "आवो, सांगायचं व्हतं की. भादव्यात कसा भरतो ते सांगायचं."

"उतरून इचारलं असतं तर सांगितलं असतं," मी म्हणालो.

त्या उत्तराचा मला त्या दिवशी मोठा अभिमान वाटला होता. संध्याकाळी पारावर मी ते दोनदा सांगितलं. लोक मांडीवर थाप मारून हसले.

आमच्या गावाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. ही रीत आमच्या बापजाद्यांपासूनची. गावकीची बैठक बसली आणि एखाद्याला ती गोष्ट पसंत नसली, तर तो बैठकीत येऊन तोंड वाजवत नाही. तो येतच नाही. घरी बसतो. मग बाकीच्यांना कळतं की याचं मन वेगळं आहे. त्याच्या दारात जाऊन बसायचं, पाणी मागायचं, पान खायचं आणि विचारायचं, बाबा, काय झालं? तो सांगेपर्यंत उठायचं नाही, आणि तोवर कामही अडलेलं राहतं. जो आला न्हाई, त्यानं न्हाई म्हणलं. हा आमचा कायदा. लग्नात रुसलेल्या चुलत्याला वाजंत्री लावून आणत नाहीत का, तसंच.

कोणी याला अडाणीपणा म्हणेल. म्हणो. गावाचा आड खोदायचा होता तेव्हा सगळ्यांनी देवळामागची जागा धरली होती. गणपत माळी बैठकीला आला नाही. आम्ही तीन दिवस त्याच्या वट्ट्यावर बसलो. तो आधी म्हणे पोट दुखतं, मग म्हणे सोयऱ्याकडं जायचंय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तिथं खाली कातळ हाय. मव्हा आजा तिथं खोदून हरला व्हता." जागा बदलली. त्या आडाचं पाणी कधी आटलं नाही. गणपत बैठकीत येऊन ओरडला असता तर चार माणसांनी त्याला गप बसवला असता. घरी बसला म्हणून गावाला त्याचं ऐकावं लागलं.

तेव्हा मला सांगा, माझं काय चुकलं? मी हे वीस वर्षं स्वतःला विचारत आलो. उत्तर येतं, पण ते मला आवडत नाही.

दिवाळी सरली, दुसरी वेचणी लागली आणि चावडीच्या भिंतीला कागद लागला. कोतवालानं पिठाची खळ करून चिकटवला होता. खळीच्या वासानं शेळीनं खालचा कोपरा खाल्ला तेव्हा कुठं लोकांचं लक्ष गेलं. मुक्ता गाडीतून उतरून तिथं थांबली आणि तिनं तो मोठ्यानं वाचला. नवा डांबरी रस्ता व्हायचा होता, पण तो आमच्या गावावरून नाही. ओढ्याच्या पलीकडून, माळावरून, सरळ दोरीत. म्हणजे दोन पूल वाचणार होते. ज्यांची हरकत असेल त्यांनी अर्ज करावा, आणि पौषात अमुक दिवशी वाटूरच्या हायस्कुलात साहेब बसतील, तिथं येऊन म्हणणं मांडावं.

"आबा," मुक्ता म्हणाली, "मंग गाडी पलीकडून जाईन."

"जाईन कशी? गाव इथं हाय."

"गाडी रस्त्यानं जाती, आबा. गावानं न्हाई जात."

त्या रात्रीच्या जेवणाआधीच तिनं वहीच्या मधलं जोडपान काढलं आणि अर्ज लिहिला. पाट घेऊन बसली होती, वहीखाली पत्र्याची पेटी. एक शब्द लिहायची आणि मान तिरकी करून बघायची. तिचं अक्षर चांगलं होतं. वळणदार, टपोरं, ज्वारीच्या दाण्यासारखं एकाला एक लागून. मी वाचू शकलो एवढं स्वच्छ. लिहिलं होतं की देवखेडीवरून रस्ता न्यावा. आमच्या गावातून चार मुली शाळेला येतात. ओढा श्रावण-भाद्रपदात भरतो, तेव्हा पलीकडं जाता येत नाही. आजारी माणूस आणि बाळंतीण यांनाही गाडी लागते. खाली लिहिलं, आपले नम्र, समस्त गावकरी, देवखेडी. आणि सहीसाठी जागा सोडली.

"आबा, सही करा. तुमची झाली का सगळे करतील."

मी कागद परत दिला.

"मला कोणी बोलावलंय का?" मी म्हणालो. "भिताडाला कागद चिटकवला म्हंजी आवतन झालं का? लग्नाची अक्षद दारात येऊन देतेत. मव्ह्या रानातून झेंड्या रोवल्या, मव्ह्या माठातलं पाणी पेले, आन् आता म्याच त्यांच्या दारात जाऊ?"

"आवो, जाऊन या की," बायको चुलीपुढून म्हणाली. "मानानं का गाडी येणार हाय?"

"तू भाकरी भाज."

दुसऱ्या दिवशी पारावर मी गावाला सांगितलं, कोणी जायचं नाही. बिलकुल कोणीच नाही. एक माणूस नाही गेला तर त्याच्या दारात येतात. अख्खं गाव नाही गेलं तर साहेबाला जीपमधून उतरून यावंच लागेल. सगळ्यांना पटलं. माझं ऐकत होते लोक. तोच मोठा घात होता.

सुनावणीच्या दिवशी भर वेचणीत गाव रानात गेलं नाही. हे आमच्याकडं सणालाही होत नाही. बोंडं फुटून लोंबत होती आणि माणसं धुतलेली धोतरं नेसून पारावर बसली होती. गावातल्या लहान शाळेतल्या दोन खुर्च्या आणून मांडल्या, त्यांच्यावर माझ्या घरची नवी सतरंजी टाकली. बायकांनी पोहे भिजवून ठेवले. गणपत माळ्यानं हातात गुलाबाचं फूल धरलं होतं, साहेबाला द्यायला. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यानं ते तीनदा पाण्यात बुडवलं.

वाटूरच्या बाजूला धूळ उठली. सगळे उभे राहिले. मी बसूनच राहिलो, यजमानानं लगेच उठू नये म्हणून.

दुपारची गाडी होती. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "काय आबा, आज सोयरीक जमवू राह्यले का काय? मुलगी पाहायला येऊ का म्या?"

लोक हसले. मीही हसलो. गाडी गेली आणि धूळ त्या खुर्च्यांवर बसली. बायकोनं पोहे लेकरांना वाटून टाकले.

संध्याकाळच्या गाडीनं मुक्ता आली. बाकीच्या तिघी पुढं निघून गेल्या, ती पारापाशी येऊन थांबली. माणसं अजून बसलेली होती.

"साहेब आल्ते का शाळेत?" मी विचारलं.

"आल्ते. मोठ्या हालमंदी बसले व्हते. आमचा वर्ग शेजारीच. म्या पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आन् दारात थांबले."

"मंग?"

"एकेका गावाला हाक देत व्हते. त्या त्या गावची माणसं उठून बोलत व्हती. मंग म्हणले, देवखेडी. कोणीच न्हाई. परत म्हणले, देवखेडी. आबा, तीनदा हाक दिली."

"आन् तू?"

तिनं दप्तराचा बंद हातात गुंडाळला. "अर्ज दप्तरात व्हता. पण त्याच्यावर सही न्हाई. आन् तुमी म्हणलं व्हतं, गावातल्या कोणी बोलायचं न्हाई. म्या गावातलीच ना."

मी सगळ्या गावासमोर म्हणालो, "शाबास. बरं केलं."

हा शब्द मी म्हणालो. आजही वेचणीच्या दिवसांत कोणी कोणाला शाबास म्हटलं की मी तिथून उठून जातो.

"काय लिव्हलं त्यांनी?" गणपतनं विचारलं.

"कारकून मोठ्यानं वाचत वाचत लिहीत व्हता. देवखेडी, गैरहजर. हरकत न्हाई."

गणपतनं हातातलं सुकलेलं फूल पाराच्या कडेला ठेवलं. मग मी म्हणालो, "गैरहजर म्हणल्यावर हरकत न्हाई कशी? गैरहजर म्हंजीच हरकत." सगळ्यांनी माना डोलावल्या. बराबर आहे, म्हणाले. आम्ही सगळे बराबर होतो. आणि नवा रस्ता पलीकडून गेला.

दुसऱ्या साली खडी पडली, तिसऱ्या साली डांबर. काळा कुळकुळीत, सरळ, पाहायला सुंदर. मी पारावरून बघायचो. लांबून गाडी जाताना लाल मुंगीसारखी दिसायची, आवाज यायचा नाही. लिंबाखाली पहिले काही दिवस माणसं सवयीनं येऊन बसायची. मग तिथं शेरडं बसायला लागली.

मुक्ता दहावीला गेली होती. ओढा उतरून, चिखल तुडवून, माळ चढून ती नव्या रस्त्याला जायची. चपला हातात, पायांना काळी माती. तक्रार केली नाही. भादव्यात एका दिवशी वर कुठंतरी पाऊस झाला. आमच्याकडं ऊन होतं. दिवस कलताना ओढ्याला पाणी आलं, तांबडं, काड्याकुड्या घेऊन. ती गाडीतून उतरून पलीकडच्या काठाला आली तेव्हा मी अलीकडं होतो. दोघांच्या मधून पाणी चाललेलं. तिनं दप्तर डोक्यावर धरलं होतं. मी ओरडत होतो, थांब, पाऊल टाकू नको. ती काहीतरी म्हणत होती, तोंड हललेलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. अंधार पडेपर्यंत आम्ही बापलेक असे समोरासमोर उभे होतो. मग पाणी गुडघ्याला आलं, दोर लावून माणसं गेली आणि तिला घेऊन आली.

घरी आल्यावर मी विचारलं, "तिकडून काय म्हणत व्हतीस?"

"काही न्हाई. तुमी घरी जा म्हणत व्हते. ओले झालते तुमी."

रात्रभर माझ्या डोळ्यापुढून पाणी हटलं नाही. सकाळी मी सांगितलं, शाळा बंद.

ती रडली नाही, वाद घातला नाही. दप्तर खुंटीला अडकवलं आणि ओटी बांधून रानात निंदायला गेली. माझी थांबली म्हणून बाकीच्या तिघींच्या बापांनीही थांबवल्या. माझं ऐकत होते लोक. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न केलं, शहागडला दिली. मी सगळ्यांना सांगायचो, ओढ्यानं पोरीची शाळा घालवली. बायको ऐकून घ्यायची. मरायच्या आधीच्या साली मात्र एकदा म्हणाली, "ओढा तर पहिल्यापासून व्हता की हो. तो कुठं नवा आल्ता?"

मुक्ता माहेराला यायची, पंचमीला, दिवाळीला. आल्यावर एकदा तरी ती पत्र्याची पेटी उघडायची. त्यात तो अर्ज होता. उभी घडी, आडवी घडी. ती तो उलगडायची, मांडीवर पसरायची, बोटानं वरून खालपर्यंत जायची आणि परत घडी घालून ठेवायची. माझ्यासमोरच. एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, मला दाखवून राह्यली. मला टोचून राह्यली. मी उठून बाहेर जायचो.

गेल्या साली परत कागद आला. या वेळी भिंतीला नाही, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून वाचला. तो पलीकडचा रस्ता मोठा करायचा आहे, जोडरस्ते द्यायचे आहेत, कोणाचं काही म्हणणं असेल तर वाटूरच्या हायस्कुलात यावं. पुन्हा वेचणीचेच दिवस. सुनावणी का कोणाला ठाऊक, कापसातच येते.

मी कोणाला काही सांगितलं नाही. पेटी उघडली, अर्ज खिशात घातला आणि सकाळच्या अंधुकात निघालो. ओढ्यात पाणी नव्हतं. नव्या रस्त्याला जीप मिळाली, चौदा माणसांत पंधरावा. त्या शाळेत मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला. हॉलच्या दारात आधी थांबून घेतलं. जिथं ती थांबली असेल तिथं. तिथून साहेबाची खुर्ची किती पावलांवर आहे ते बघितलं. दहा-बारा पावलं असतील. जास्त नाही.

हाक आली, "देवखेडी."

"हाजर," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं म्हणालो की पुढची दोन माणसं वळून बघायला लागली.

खुर्चीवर एक बाई होत्या, माझ्या मुक्तापेक्षा लहानच. उठून त्यांनी खुर्ची पुढं केली. "बसा आजोबा. काय म्हणणं आहे आपलं?"

मी कागद दिला. त्यांनी तो वाचला. मागून पुढून पाहिला. कागद घड्यांवर पिवळा पडलेला.

"आजोबा, हा तर फार जुना अर्ज दिसतो. यावर सही पण नाही."

"तीच करायची राह्यली, बाईसाहेब."

त्यांनी पेन दिला. मी सही केली. जागा सोडलेली होतीच. मग त्या नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं गावाकडं जोडरस्ता दाखवलाय, पण पूल नाही. हा ओढा पावसाळ्यात भरतो का?"

तोच सवाल. मी त्यांना सगळं सांगितलं. भादव्यात कसा भरतो, वर पाऊस झाला की इकडं ऊन असताना कसा येतो, पाणी कुठवर चढतं, किती वेळात उतरतं, काठाला उभा राहिलेला माणूस पलीकडून दिसतो पण ऐकू येत नाही. त्या लिहून घेत होत्या. मागची माणसं चुळबूळ करायला लागली तरी मी थांबलो नाही. मला वाटलं, थांबलो तर परत कोणी विचारणार नाही.

"हे कोणी लिहिलंय? अक्षर फार सुंदर आहे," कागद कारकुनाकडं देताना त्या म्हणाल्या.

"मव्ह्या लेकीनं."

"त्या आल्यात का?"

"न्हाई," मी म्हणालो. "तिला बोलू दिलं न्हाई म्या."

कारकुनानं कागदावर शिक्का मारला, टाचणी लावली आणि मला एक चिठ्ठी दिली. अर्ज मिळाल्याची पोच. मी ती टोपीत ठेवली आणि तिथूनच शहागडची वाट धरली.

मुक्ताचं घर हमरस्त्याला लागून आहे. दारातून दिवसभर ट्रक जातात, भांडी थरथरतात. ती अंगणात सरकी वाळत घालत होती. केस पांढरे झाले आहेत तिचे, मला आधी कधी दिसले नव्हते. मी पोच तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. सही केली हेही सांगितलं.

तिनं चिठ्ठी वाचली. "आन् अर्ज?"

"दिला की. दाखल झाला. शिक्का मारला त्याच्यावर."

"देऊन टाकला?"

"मंग? त्याच्यासाठीच तर लिव्हला व्हता तू."

ती खाली बसली, सरकीतच. एक ट्रक गेला, आत भांडी थरथरली.

"आबा, तेवढंच राह्यलं व्हतं मव्हं अक्षर. वह्या तर चुलीला गेल्या समद्या. पेटी उघडून तेच बघायची म्या. एवढं चांगलं यायचं मला, असं वाटायचं."

मी म्हणालो, मी जाऊन परत मागतो. गेलोही, आठ दिवसांनी. कारकून चांगला होता, त्यानं चहा पाजला. म्हणाला, आजोबा, एकदा आलेला कागद परत देता येत नाही, तो आता दप्तराचा झाला. मी त्याला म्हणालो, अहो, तो पोरीचा आहे. त्याला वाटलं म्हातारा हरकत मागं घेऊन राह्यला. तसं असेल तर वेगळा अर्ज करा, म्हणाला.

पूल होईल का, मला ठाऊक नाही. ओढ्याच्या काठाला दगड पडलेत, एवढं खरं. झाला तर गावातल्या पोरी त्यावरून जातील. त्यांच्यासाठी बरंच आहे. मुक्ताला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "होऊ द्या की. मव्ह्या तर दारातच रस्ता हाय, आबा. जायचं कुठं म्हणून न्हाई, तेवढंच."

यंदा पहिली वेचणी लागली तेव्हा मी एक नवी वही घेऊन परत शहागडला गेलो. शंभर पानी, दुरेघी. म्हणालो, मी सांगतो, तू लिहून घे. झालं ते सगळं. तुझं अक्षर परत येईल, आणि राहील.

तिनं वही हातात घेतली. पहिल्या पानावरून हात फिरवला, लहान असताना ती वासराच्या पाठीवरून फिरवायची तसा. बोटं वेचणीनं फाटलेली. मग वही मिटून तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"तुमचं तुमी लिव्हा, आबा," ती म्हणाली. "मव्हं म्या तव्हाच लिव्हलं व्हतं."

म्हणून हे मी लिहिलं. सुरू केलं तेव्हा बोंडं फुटत होती, आता कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्या. जोडाक्षरं चुकली असतील. खाली सही केली आहे.